चवथीचा बाजार, चवथीचे जेवण आणि हातातला पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, हे प्रश्न यायला लागतात. आमच्या मूळ घरी, गोव्यात फोंड्याच्या बाजूला, पाच दिवसांचा गणपती असतो. त्या पाच दिवसांच्या सामानाची वही लग्न होऊन आले त्या वर्षापासून माझ्याकडे आहे. खालची बरीचशी उत्तरे त्या वहीतलीच आहेत. रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण चवथीच्या आठवड्यात सकाळचा दर संध्याकाळी राहत नाही. प्रमाणे दिली आहेत. त्यांना तुमच्या बाजारातल्या दराने गुणा, म्हणजे तुमचा आकडा तुम्हाला मिळेल.

१. यादी करायला बसले की काही सुचतच नाही. सुरुवात कुठून करायची?

पदार्थांपासून नको, पानांपासून करा. कोऱ्या कागदावर तय (चवथीचा आदला दिवस, हरतालिका), चवथ, पंचमी असे दिवस एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर दुपारी किती पाने, रात्री किती पाने आणि आरतीला किती माणसे, एवढेच मांडा. तयेला घरातल्या बायकांचा उपास असतो, म्हणजे त्या दिवशी भात निम्मा. चवथीला पूजा लांबते, जेवायला तीन वाजतात, मग रात्री कुणाला भूक नसते. तरी आपण रात्रीचा वेगळा स्वयंपाक मांडतो. आमच्या वहीत पहिली चार वर्षे चवथीच्या रात्रीसमोर ‘उरले’ हा एकच शब्द आहे. पाचव्या वर्षापासून त्या रात्री पेज, लोणचे आणि दुपारचे खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण). कुणी तक्रार केली नाही, उलट सासऱ्यांनी दोनदा पेज मागून घेतली.

पाने मोजून झाली की घरातले डबे उघडा. यादी हातात घेऊन, एकेक झाकण काढून. अर्धा किलो साबुदाणा मागच्या शेल्फवर असतो आणि आपण नवा आणतो, असे दर घरी होते. उरलेली यादी हीच खरी यादी.

२. दहा माणसांच्या सणाच्या जेवणाला साधारण किती सामान लागते?

आमच्या घरचे दुपारच्या पानाचे माप असे. लहान मुले जास्त असतील तर थोडे कमी धरा.

तांदूळ एक किलो. वरण-तोयीसाठी (तोय म्हणजे पातळ वरण) तुरीची डाळ ३५० ग्रॅम. मुगागाठीसाठी (मोडाच्या मुगांची भाजी) मूग ४०० ग्रॅम, कारण मोड आले की ते दुपटीहून जास्त होतात. खतखत्यासाठी सगळ्या भाज्या मिळून दीड किलो आणि तुरीची डाळ मूठ-दीड मूठ. मणगण्यासाठी (डाळ-साबुदाण्याची खीर) चण्याची डाळ २०० ग्रॅम, साबुदाणा ५० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम. सोलकढीला बारा-पंधरा सोले (आमसुले). फोडींसाठी (तळलेल्या कापांसाठी) दोन कच्ची केळी आणि पाव किलो सुरण, किंवा एक मध्यम नीरफणस. नारळांचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न ५ मध्ये.

यात ‘असू दे, कुणी आले तर’ म्हणून वाढ करायची असेल तर ती फक्त भात आणि तोयीत करा. ती दोन्ही स्वस्त आहेत आणि अर्ध्या तासात पुन्हा टाकता येतात. मणगणे किंवा मुगागाठी वाढवून ठेवू नका.

३. सगळे सामान एकदम घ्यावे की थोडे थोडे? आणि कधी?

थोडे थोडे, पण ठरलेल्या क्रमाने. डाळी, मूग, तीळ, वेलची, तूप हे चवथीच्या महिनाभर आधी. गूळसुद्धा तेव्हाच घेता येतो, पण पावसात गुळाला पाणी सुटते. घट्ट झाकणाच्या डब्यात, खाली कागद घालून ठेवा. मैदा आणि रवा मात्र लवकर घेऊ नका. ओल्या हवेत त्यात अळ्या होतात, म्हणून आठ-दहा दिवस आधी पुरे. नारळ पंधरा दिवस आधी. कोहळा, भोपळा, सुरण पाच दिवस आधी आणून जमिनीवर मोकळे ठेवा. दोडकी, भेंडे, केळी दोन दिवस आधी. अळू, हळदीची पाने, केळीची पाने आदल्या दिवशी.

गॅसचा सिलिंडर या क्रमात सगळ्यात वर लिहा. दोन सिलिंडर असतील तर दुसरा भरलेला आहे की नाही हे महिनाभर आधी बघा.

चवथ महिन्याच्या कोणत्या तारखेला येते यावरही खूप अवलंबून आहे. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली, म्हणजे पगाराच्या तोंडावर, हात सगळ्यात आखडलेला असताना. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. महिनाअखेरची चवथ असेल तर कोरडे सामान आधीच्या महिन्याच्या पगारातून घ्यायलाच हवे, नाहीतर सगळा भार पोसऱ्यावरच्या (किराणा दुकानातल्या) उधारीवर पडतो. उधारीला माझी हरकत नाही, गावचा दुकानदार सांभाळून घेतो. पण उधारीच्या वहीत माणूस दर विचारत नाही, तिथे पैसे जातात. नेण्याआधी दर विचारा आणि आपल्याही वहीत लिहा.

४. स्वस्त कुठे मिळते : फलोत्पादनचा गाडा, बागायतदार, आठवड्याचा बाजार की मॉल?

एकाच ठिकाणी सगळे स्वस्त नसते. कांदे, बटाटे, टोमॅटो, मिरची, गाजर, कोबी यांसाठी फलोत्पादन महामंडळाचा गाडा. तिथे सरकारी सवलतीचा दर असतो आणि तो फळीवर लिहिलेला असतो. सकाळी लवकर जा, नऊनंतर उरलेसुरलेच हाती लागते. आपली ही भाजी बहुतेक बेळगावहून घाट उतरून येते. चोर्ल्यात किंवा अनमोडला झाड पडले, दरड आली की त्या दिवशी खाजगी बाजारातला भाव लगेच चढतो. तेवढ्यासाठी बटाटे-कांदे दोन दिवस आधीच घरात असावेत.

डाळी, तेल, तूप, साखर यांना गोवा बागायतदारसारख्या सहकारी दुकानाचा दर आणि तुमच्या पोसऱ्याचा दर एकदा शेजारी शेजारी लिहून बघा. मॉलमधली ‘दोनावर एक’ योजना चवथीत बहुधा बिस्किटे आणि सरबतांवर असते. ती तुमच्या यादीत नसतील तर ती बचत नाही. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही, चवथ असली तरी. तूप, बदाम-पिस्ते आणि पाकिटातले फरसाण यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा २०२५ च्या चवथीचे दर मनात धरून जाऊ नका.

गावठी भाजीसाठी मात्र आठवड्याचा बाजारच. साखळीला सोमवार, डिचोलीला बुधवार, बाणस्तारीला गुरुवार, म्हापशाला शुक्रवार. चवथीआधीचा शेवटचा बाजार महाग असतो. त्याच्या आधीच्या बाजारात कोहळा, सुरण, सोले, तेफळे (तिरफळे), खोल्याची मिरची घेऊन टाका. दोडकी घेताना शिरांवरून नख फिरवा. शीर मऊ लागली तर कोवळी. चिबूड नाकाशी धरा; देठाजवळ गोड वास आला तर उद्याच खावा लागेल, वास नसेल तर तीन दिवस टिकेल.

पावसाळाभर मोरडावर (डोंगरउताराच्या जमिनीत) राबून, पहाटेच्या बसने टोपली घेऊन येणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. बजेट सांभाळायची जागा ती नाही. तिची दोडकी बेळगावच्या दोडक्यांपेक्षा महाग असते, पण आपण ती घेतली नाही तर पुढच्या वर्षी ती लावणार नाही.

५. पाच दिवसांना नारळ किती लागतात? तेच सगळ्यात महाग पडतात.

प्रश्न २ मधल्या दहा पानांना, दुपारच्या एका जेवणासाठी, पाच ते सहा नारळ : खतखते एक, मुगागाठी एक, मणगणे दोन, सोलकढी एक, आणि भाज्यांवर घालायची सोय (खवलेला नारळ) अर्धा-एक. नेवऱ्या (करंज्या), पातोळ्या (हळदीच्या पानात वाफवलेला गोड पदार्थ) आणि पूजेचे नारळ वेगळे. पाच दिवसांचे मोठे घर सहज चाळिशीच्या पुढे जाते.

कमी करायचे असतील तर रसाचा नीट वापर करा. मणगण्यासाठी काढलेला पहिला दाट रस शेवटी घालायचा, डाळ शिजवायला दुसरा पातळ रस. तिसऱ्या वेळी पाणी घालून वाटले की जो रस निघतो त्यात सोलकढी होते, तिला वेगळा नारळ फोडायची गरज नाही. ज्या दिवशी मणगणे त्याच दिवशी सोलकढी ठेवली की नारळ वाचतो. उरलेला चोथा सुक्या चटणीत लाल मिरची आणि चिंचेबरोबर भाजून वापरता येतो.

निवडताना हलवून पाणी वाजते का बघा आणि तिन्ही डोळे कोरडे आहेत का बघा. डोळ्याजवळ ओल किंवा बुरशी असेल तर आतून गेलेला असतो. शेंडी ठेवूनच साठवा. पूर्ण तासलेला नारळ लवकर खराब होतो. घरचा माड असेल तर पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) श्रावणातच सांगून ठेवा. चवथीच्या आठवड्यात पाडेली मिळत नाही.

६. तीन दिवस वेगवेगळे जेवण हवे, पण खरेदी कमी हवी. मेनू कसा लावू?

एकदा आणलेली वस्तू दोन ठिकाणी लागली पाहिजे, हे धरून लावा. चण्याची डाळ पंचखाद्यात, नेवऱ्यांत आणि मणगण्यात. कच्ची केळी फोडींत आणि खतखत्यात. अळूची पाने एका दिवशी, देठी आणि कंद दुसऱ्या दिवशी.

आमच्याकडे तयेला हलके असते : पालेभाजी, मुगाची डाळ, भात, उपासाला फळे. चवथीला पूर्ण पान : तोय, खतखते, मुगागाठी, फोडी, वडे, पंचखाद्य, नेवऱ्या, मणगणे. पंचमीला नव्याची (नव्या भाताच्या कणसांची) पूजा झाली की पातोळ्या, अळू, आंबाड्यांचे सासव (मोहरी-नारळाचे आंबटगोड कालवण) आणि चण्यांचा रोस (नारळाच्या वाटणाचा रस्सा). पुढचे दिवस साधे वरण-भात, एक भाजी, एक कोशिंबीर. आपण पाचही दिवस चवथीचे पान मांडायला जातो. देवाला नैवेद्य दाखवायचा असतो, पाच दिवस सोळा पदार्थ दाखवायचे नसतात. तुमच्या घरची रीत वेगळी असेल, पातोळ्या कुणाकडे चवथीलाच होतात. रीत तीच ठेवा, फक्त जड पान एक-दोन दिवसांपुरते ठेवा.

७. खतखत्यात २१ भाज्या लागतातच का?

नाही. घालणारी घरे आहेत आणि ती हौस छान आहे, पण पाचांचेही खतखते होते. भाज्यांची संख्या वाढली की प्रत्येकीचा पाव किलो आणावा लागतो आणि सगळ्यांचे तुकडे उरतात. खतखत्याची चव तेफळे, सोले आणि गूळ यांच्या मेळात असते. सुरण, कच्ची केळी, लाल भोपळा, दोडकी, मक्याचे कणीस आणि अळूचे कंद, एवढ्यात उत्तम होते. फोडणी लागत नाही, म्हणजे तेलही नाही. तेफळांच्या बिया काढून टाका आणि साले थोड्या पाण्यात चेचून ते पाणी शेवटी घाला.

जास्त भाज्यांची रीत मोडायची नसेल तर जावांनी किंवा शेजारणींनी मिळून भाज्या आणा आणि वाटून घ्या. आमच्या वाड्यावर चार घरे असे करतात.

८. नेवऱ्या घरी कराव्यात की विकत घ्याव्यात? खरोखर स्वस्त काय?

यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

एक किलो मैद्याच्या, मध्यम आकाराच्या, सत्तर ते ऐंशी नेवऱ्या होतात. सारणाला अर्धा किलो चण्याची डाळ, अर्धा किलो गूळ, दोन नारळांची सोय, वेलची. तळायला तेल सव्वा लिटर घ्या, त्यातले निम्म्याहून जास्त उरते. या सामानाचा तुमच्या बाजारातला दर लावा, नगाला भागा आणि विकतच्या नगाशी ताडून बघा. सामानाच्या हिशेबात घरची नेहमी स्वस्त पडते. पण चार तास दोन बायका बसतात. तुम्ही नोकरी करत असाल, घरात दुसरे कुणी हातभार लावणारे नसेल, तर नैवेद्यापुरत्या एकवीस घरी करा आणि बाकीच्या गावातल्या बचत गटाकडून किंवा घरी करून देणाऱ्या बाईकडून घ्या. त्यात काही कमीपणा नाही. फक्त पंधरा दिवस आधी सांगा.

पैसा खरा वाया जातो तो टिकण्याच्या बाबतीत. माझ्या दुसऱ्या वर्षी मी डाळ-गुळाच्या दीडशे नेवऱ्या तयेच्या आदल्या रात्री केल्या. चवथीला सकाळी उत्तम होत्या. पंचमीच्या दुपारी थोरल्या जाऊबाईंनी एक फोडली आणि न बोलता माझ्यासमोर धरली. दोन्ही अर्धे लांब केले तर मधे बारीक तार येत होती. साठ-सत्तर नेवऱ्या आम्ही परसात खड्डा करून पुरल्या. त्या दिवसाचे दुःख अजून आहे, कारण त्यात आठ नारळ आणि चार जणींची रात्र होती.

तेव्हापासून नियम असा. ओल्या सोयीच्या, डाळीच्या नेवऱ्या फक्त दोन दिवसांत संपतील तेवढ्याच, म्हणजे माणशी तीन. सारण आटवताना झारा मधोमध उभा करून सोडा. तो न पडता उभा राहिला तरच उतरवा, आणि परातीत पसरून पूर्ण थंड झाल्याशिवाय भरू नका. आरतीच्या माणसांसाठी आणि वाटायला सुक्या नेवऱ्या : भाजलेले तीळ, सुके खोबरे, भाजलेला रवा, पिठीसाखर. त्या विसर्जनापर्यंत टिकतात. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा आणि झाकणावर लिहा.

९. विकतची मिठाई घेताना काय बघावे?

आधी किती घ्यायची ते बघा. पाहुणेही पेढ्यांची पेटी घेऊन येतात, आणि पाचव्या दिवशी फ्रिजमध्ये चार अर्धवट पेट्या असतात. पूजेपुरते पाव किलो आणा, पुढचे आपोआप येते.

दुकानात ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लिहिलेली असली पाहिजे. सुट्या मिठाईलाही हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. लिहिलेली नसेल तर विचारा. पेटीचे वजन मिठाईत धरता येत नाही, काट्यावर आधी रिकामी पेटी ठेवून शून्य करायला सांगा. पावसाळ्यात माव्याची मिठाई मी घेत नाही. लाडू, खाजे, चणे-फुटाणे, लाह्या हे टिकाऊ आणि आपलेच आहेत. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही आहे.

१०. माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीचा) खर्च दर वर्षी हाताबाहेर जातो. ती लहान केली तर चालेल का?

चालेल. माटोळीचा मान तिच्यात काय आहे यावर आहे, किती दाट आहे यावर नाही. मी दोन भाग करते.

पहिला भाग नंतर खाता येणाऱ्या वस्तूंचा : शेंडीचे नारळ, केळीचा घड, कोहळा, तवशी (मोठी काकडी), चिबूड, दोडकी, भेंडे, तोरिंग, नीरफणस, ओल्या सुपारीचे शिपटे (घोस). हा खर्च माटोळीत धरूच नका, तो स्वयंपाकाचा आहे. विसर्जनानंतर नारळ जसेच्या तसे वापरता येतात, कोहळा महिनोन् महिने टिकतो, सुपारी सुकवून ठेवता येते. घड घेताना मात्र पूर्ण हिरवा घ्या. अर्धा पिकलेला घेतला तर तिसऱ्या दिवशी केळी देवापुढे गळतात. आणि चिबूड टांगायचा असेल तर प्रश्न ४ मधला वासाची पारख लक्षात ठेवा. पिकलेला चिबूड फुटून खाली पडला की सगळे मखर पुसत बसावे लागते.

दुसरा भाग रानातल्या वस्तूंचा : कांगले, माट्टी, घागऱ्या, कवंडळे, हरणाची फुले. यांचे वाटे चवथीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत चढे असतात. मी प्रत्येकाची एकेकच जुडी घेते. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईने कांगल्यांची जुडी पानात बांधून देताना सांगितले, ‘आता चार तास चालल्याशिवाय मिळत नाहीत.’ रान कमी झाले आहे. एक जुडी पुरे, आणि तिचे मागितलेले पैसे द्या. कवंडळ दिसायला सुंदर लाल असते, पण ते खायचे नाही; मुलांच्या हाताला येणार नाही असे उंच बांधा.

प्लास्टिकची फळे आणि माळा हा तिसरा भाग. तो मी यादीतून काढून टाकला. खर्च तिथेच सगळ्यात जास्त वाचला.

११. मूळ घरी चार भावांचा एक गणपती. खर्च कसा वाटायचा की मन दुखणार नाही?

चवथीनंतर नाही, आधी बसा. श्रावणातल्या एखाद्या रविवारी, सगळ्यांसमोर. आमच्याकडे सामायिक खर्च म्हणजे मूर्ती, भटजी, माटोळी, वीज, नैवेद्य. तो चार सारखे भाग. जेवणाचा खर्च मात्र पानांप्रमाणे, म्हणजे ज्याच्या घरची सहा माणसे पाच दिवस राहतात त्याचा वाटा जास्त. मुंबई-पुण्याहून दीड दिवसासाठी येणाऱ्यांना पाच दिवसांचा भार नाही.

एक वाटा पैशांत मोजता येत नाही. गावात राहणारी जाऊ महिनाभर आधीपासून झाडते, सारवते, सामान आणते, विसर्जनानंतर भांडी आवरते. तिच्या कामाची किंमत हिशेबात धरा. आमच्याकडे तिच्या घराचा सामायिक वाटा निम्मा आहे, आणि हे सासूबाईंनी ठरवले.

एखाद्या भावाला त्या वर्षी जमत नसेल तर त्याला वस्तूंत वाटा द्यायला सांगा : घरचे नारळ, तांदूळ, हळदीची पाने. आकडा सगळ्यांसमोर वाचू नका.

१२. आरतीला आणि भजनाला किती माणसे येतील याचा भरवसा नसतो. त्यांना काय द्यावे?

टिकणारे आणि लगेच होणारे. चण्यांची उसळ आणि पाव हे आमच्या बाजूला चालते. एक किलो सुक्या चण्यांची उसळ पंचवीस जणांना वाटीभर होते. चणे रोज रात्री भिजत घाला. माणसे आली नाहीत तर ते दुसऱ्या दिवशी रोसात जातात, वाया जात नाहीत. पाव पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी सांगा. सोबत सुकी नेवरी (प्रश्न ८), चहा. घुमट (मातीचे चर्मवाद्य) वाजवत आरती तासभर चालली की माणसांना गोडापेक्षा गरम काहीतरी हवे असते.

कागदी प्लेट आणि पेल्यांवर दर वर्षी पैसे घालवण्यापेक्षा पन्नास स्टीलच्या ताटल्या बऱ्या. वाड्याने मिळून घ्या आणि फिरवा.

१३. मुलीचे लग्न झाले, पहिली चवथ आहे. वजें पाठवायचे आहे. किती मोठे?

तुम्हाला कर्ज काढावे लागणार नाही एवढे. वजें म्हणजे माहेरची आठवण, त्यात नारळ, फळे, खाजे-लाडू, नेवऱ्या आणि मुलीला साडी असली की झाले. पन्नास पेट्या आणि सुक्यामेव्याची टोपली ही अलीकडची भर आहे. सासरच्या माणसांशी आधी सरळ बोला : ‘तुमच्याकडे वाटायला किती घरे?’ बहुतेक वेळा आकडा आपल्या धास्तीच्या निम्मा निघतो. फळे बाजारातून सजवलेल्या टोपलीत घेऊ नका, सुटी घेऊन घरच्या परडीत मांडा.

१४. फ्लॅटमध्ये दोघेच आहोत, दीड दिवसाचा गणपती. एवढ्यासाठी काय काय करू?

प्रश्न २ ची मापे पाचाने भागा, फक्त नारळ दोनाहून कमी करू नका. नेवऱ्या अकरा, पातोळ्या सहा. खतखत्याच्या भाज्या फलोत्पादनच्या गाड्यावर एकेक नगही मिळतात, लाज वाटू देऊ नका. हळदीचे एक रोप कुंडीत लावा. पुढच्या चवथीला पातोळ्यांची पाने घरची.

१५. घरात मधुमेहाची माणसे आहेत. त्यांच्यासाठी वेगळे आणायचे का?

‘शुगर-फ्री’ मिठाई महाग असते आणि तिच्यातही मैदा-तूप असू शकते. वेगळे काही आणू नका. मुगागाठी, पालेभाजी, सोलकढी हे पानात जास्त वाढा, भात कमी, गोडाचा नैवेद्य चमचाभर. गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून वाटेल तेवढा खाणे चूक आहे, रक्तातली साखर गुळानेही वाढते. नेमके प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

१६. उरलेल्या अन्नाचे काय करावे?

ओला नारळ घातलेले काहीही बाहेर रात्रभर ठेवू नका. मुगागाठी, रोस, मणगणे संध्याकाळी फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण उकळी आणून संपवा. खतखते दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते, पण त्यालाही एकच दिवस. भात उरला तर रात्रीची पेज. मुळात उरू नये यासाठी प्रश्न १ मधला कागद.

१७. सगळे सामान भरले आणि भाऊकीत सुतक आले. आता?

हे दरवर्षी कुणाच्या तरी घरी होते, आणि त्या वेळी सामानाचा विचार करणे मनाला लागते, पण कुणीतरी करावाच लागतो. गणपती कधी आणायचा, की या वर्षी राहू द्यायचा, हे घरचे मोठे आणि भटजी ठरवतील. सामानाचे मात्र त्याच दिवशी बघा. डाळी, गूळ, तूप, तांदूळ राहतात, हात लावू नका. मैदा-रवा कोरडा भाजून बरणीत भरा. भाजी, अळू, केळी शेजारी ज्यांना सुतक नाही त्यांना सकाळीच विचारा. त्यांची यादी अजून पुरी झालेली नसेल तर ते दराने घेतील, आणि त्यांनी पैसे पुढे केले तर नको म्हणू नका. विकत सांगितलेल्या नेवऱ्यांचे लगेच फोन करून कळवा, कारण त्या बाईने अजून डाळ भिजत घातली नसेल तर तिचेही नुकसान टळते. घातली असेल तर तिचे पैसे द्या. नारळ शेंडीसकट दिवाळीपर्यंत सहज टिकतात. माटोळीच्या रानातल्या जुड्या वाड्यावरच्या दुसऱ्या घरी द्या. आमच्याकडे ज्या वर्षी असे झाले त्या वर्षी समोरच्या घरच्या माटोळीत आमची कांगले टांगलेली होती, आणि दुपारी त्यांच्या सुनेने आमच्या दारात झाकून खतखते आणून ठेवले.